त्या गुरुवारी मी लेकीला दुकानात थांबवलं

फोटोतल्या माणसाचं वय वाढवायला मला दहा मिनिटं लागतात. कमी करायला जास्त लागतात, कारण सुरकुत्या एकेक करून पुसाव्या लागतात. नवी पेठेच्या मागच्या बोळात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. आधी ब्रशने पाट्या रंगवायचो, फ्लेक्स आले तसा कॉम्प्युटर शिकलो. बोलणं मात्र मला कधीच जमलं नाही. गिऱ्हाईक बोलतं, मी मान हलवतो. बायको म्हणते, "तुमच्यापेक्षा तुमचं मशीन जास्त बोलतं."

माझ्या लेकीच्या मैत्रिणीचा हात मोडला. तो कोणी मोडला हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मी साडेचार महिने ते कोणाला सांगितलं नाही. ती पोरगी दर गुरुवारी पुन्हा त्याच गल्ल्यांतून हिंडत होती आणि तो माणूस मोकळा होता. त्या साडेचार महिन्यांबद्दल लिहितोय.

सुरुवात एका लग्नाच्या फ्लेक्सपासून झाली. एक गृहस्थ आले. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हसरा चेहरा. भाचीचं लग्न होतं. गल्लीच्या तोंडाशी लावायला फ्लेक्स हवा होता. मोबाइलमधला फोटो दाखवला. शाळेचा ड्रेस, दोन वेण्या, वरच्या ओठावर डावीकडे तीळ.

"पोरगी लई बारीक दिसती फोटोत," मामा म्हणाला. "जरा भरवा की, मालक. नवरीसारखी दिसू द्या."

आमच्याकडे नवरीचे शालू तयार असतात. दागिन्यांसकट बाईचं अंग असतं, वर फक्त चेहरा बसवायचा. मी बसवला. गाल भरले, ओठ रंगवले, तीळ पुसला. मान जाड करावी लागली, कारण शालूवाली बाई मोठी होती आणि त्या मानेवर हा चेहरा बसेना. मला कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. मान जाड करताना कळतंच.

काम स्क्रीनवर असतानाच लेक डबा घेऊन आली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. डबा टेबलावर ठेवला आणि तशीच वाकून बघत राहिली.

"पप्पा, ही तर आमच्या यादीतली आहे. नववीत शाळा सुटली हिची. पंधरा वर्षांची आहे."

यादी म्हणजे तिच्या मैत्रिणीचं रजिस्टर. दोघी एका वर्गात. दर गुरुवारी कॉलेज सुटलं की शहराच्या पूर्वेला विडी कामगारांच्या वस्तीत जायच्या. शाळा सुटलेल्या मुलींच्या घरी बसायच्या, आयांना पटवायच्या आणि घरी बसून दहावीची परीक्षा देता येते तो सतरा नंबरचा फॉर्म भरून घ्यायच्या. खरं काम मैत्रिणीचं. माझी लेक सोबतीला आणि स्कूटी चालवायला. मैत्रीण त्याच वस्तीतली, घरात तेलुगू बोलणारी, विणकराची पोर. आई दारात विड्या वळायची. पोरगी उंचीला एवढीशी, पण आवाज असा की तिसऱ्या गल्लीतली बाई म्हणायची, "आली गं बया, शाळा आली."

लेकीने तिला फोन केला. पुढच्या दोन दिवसांत मैत्रिणीने तक्रार दिली आणि अधिकारी मुलीच्या घरी आले तेव्हा स्वतः दारात उभी राहिली. अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही असं आईबापांनी लिहून दिलं, लग्न थांबलं. फ्लेक्स गुंडाळलेलाच माझ्या दुकानात कोपऱ्यात उभा राहिला.

आठवड्याने मामा आला. तसाच हसरा. स्टुलावर बसला. मी चहा मागवला.

"मालक, फ्लेक्स लागला न्हाय, पत्रिका वाटल्या न्हाईत. मग त्यांना कळलं कसं? हितनंच फुटलं की."

मी कपबशी त्याच्यापुढे सरकवली.

"तुमची लेक येती न्हवं दुकानात? ती बी त्यांच्यातलीच म्हणं."

आयुष्यभर न बोलणारा माणूस मी. त्या दिवशी मात्र भडाभडा बोललो. म्हणालो, माझ्या पोरीचं काही नाही हो, ती नुसती गाडी चालवते. सगळं त्या दुसरीचं आहे. तक्रार तिची, रजिस्टर तिचं.

"कोन दुसरी?"

मी सांगितलं.

"येतात कवा?"

"गुरुवारी. चारच्या सुमाराला. पाण्याच्या टाकीपासून सुरुवात करतात."

कोणी माझी गचांडी धरली नव्हती. कोणी धमकी दिली नव्हती. तो बशीत ओतून चहा पीत होता. उठताना म्हणाला, "समजावून सांगतो फकस्त. पोरीच हायत."

समजावूनच सांगेल, असं मी मनाशी चार वेळा म्हटलं. चार वेळा म्हणावं लागलं, यातच सगळं आलं.

गुरुवार उजाडला. जेवणानंतर लेक निघाली तशी मी म्हणालो, "आज थांब. अर्जंट ऑर्डर आहे. फ्लेक्सच्या कडांना रिंगा ठोकायच्यात."

"पप्पा, गुरुवार आहे आज."

"एक गुरुवार नाही गेलीस तर काय आकाश कोसळतंय?"

ती पुटपुटत बसली. मग मैत्रिणीला फोन केला. "तू जा गं पुढं, आमच्या पप्पांना आजच रिंगा आठवल्यात. पुढच्या वेळी येते." पलीकडून ती मोठ्याने हसली, ते मला फोनबाहेर ऐकू आलं. हातातला हातोडा खाली ठेवून एवढंच म्हणायचं होतं की तिलाही सांग, आज जाऊ नकोस. मी रिंग ठेवली आणि ठोकली. दुसरी ठेवली, ठोकली. लेकीने फोन ठेवला.

पावणेपाचला फोन आला.

मोटरसायकलवरून दोघे आले होते, तोंडाला रुमाल बांधून. मागच्याने तिच्या उजव्या मनगटावर दांडकं मारलं. रजिस्टर हिसकावून गटारीत फेकलं. दोन हाडं मोडली. पडताना हनुवटी फुटली. दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा तिची आई बाकावर बसली होती, हाताला तंबाखूचा वास, ओच्यात विडीची पानं तशीच. मला बघून उठली.

"अन्ना, तुमची पोरगी तेवढी वाचली बघा. देवच पावला म्हणायचा."

तेलुगू घरांत भावाला अन्ना म्हणतात. ती मला पहिल्यापासून तेच म्हणायची.

पोलिसांनी सगळ्यांना विचारलं. मलाही विचारलं, "तुम्हाला कोणावर संशय?" मी म्हणालो, "नाही." एकच शब्द. तो बोलताना मला अजिबात जड गेलं नाही, हेच नंतर जड जात राहिलं. तिच्यावर राग असलेली घरं वस्तीत बरीच होती, आणि रुमालामागचे चेहरे तिने पाहिले नव्हते. तक्रार अज्ञात इसमांवर नोंदली गेली.

प्लास्टर निघेपर्यंत ती घरात बसेल असं सगळ्यांना वाटलं होतं. कॉलेजातून सांगणं आलं की आता हे बंद करा. तिच्या वडिलांनी दोन दिवस अन्न सोडलं. ती दुसऱ्या आठवड्यात गळ्यात हात अडकवून माझ्या दुकानात आली. गटारीतून काढलेलं रजिस्टर तिच्या आईने वाळत घातलं होतं. पानं फुगली होती, शाई पसरली होती.

"काका, एवढं उतरवून द्याल? डाव्या हाताने काढते तर नुसते झुरळाचे पाय उमटतात."

मी उतरवलं. तिने वाचायचं, मी लिहायचं. मुलीचं नाव, गल्ली, कितवीत सुटली, का सुटली. 'का सुटली'च्या रकान्यात बहुतेक ठिकाणी मूळ कारण एकच, गरिबी, पण तिने प्रत्येकीचं वेगळं लिहिलेलं. 'आई आजारी, विड्या हिच्यावर.' 'शाळा लांब, वाटेत पोरं.' 'विचारलं तर रडली, पुन्हा जाणे.' पाट्या रंगवणाऱ्याचं माझं अक्षर. ती बघून हसली.

"काका, हे काय? असं वाटतंय साड्यांचा सेल लागलाय."

तिच्याबरोबर मीही हसलो. मग पाणी प्यायच्या निमित्ताने मागे गेलो आणि मशीनला टेकून उभा राहिलो.

वस्तीतल्या बायकांनी तिच्यासाठी जे केलं ते कोणी शिकवलेलं नव्हतं. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन आपल्या दारात बसते. पत्र्याचा एक छोटा तुकडा पानावर ठेवते आणि त्याच्या मापाने कात्रीने पान कापते. त्या बायकांनी जागा बदलल्या. गुरुवारी दुपारी आपलं दार सोडून एकेक जण गल्लीच्या तोंडाशी, वळणावर, टाकीपाशी सूप घेऊन बसायला लागली. पोरी समोरून गेल्या की बाई कात्री पत्र्यावर दोनदा वाजवायची. टिक टिक. ते ऐकून पुढच्या वळणावरची आपली वाजवायची. म्हणजे पोरी इथून निघाल्या, तिथे पोचल्या. मधेच आवाज आला नाही तर सगळ्यांनी सूप खाली ठेवून उठायचं, असं ठरलेलं.

एकदा खरंच आवाज तुटला. दहा-बारा बायका कात्र्या हातात घेऊन धावत आल्या. बघतात तर दोघी एका घरात भजी खात बसलेल्या. मैत्रिणीच्या आईने तिथेच आपल्या पोरीच्या पाठीत धपाटा घातला. "खायचं तर सांगून खा की गं! जीव गेला असता आमचा!" मग सगळ्यांनी बसून उरलेली भजी संपवली.

मीही जायला लागलो. गुरुवारी चार वाजता दुकान बंद करून, पोरींच्या मागे पन्नास पावलांवर माझी गाडी. बायका माझ्याकडे बोट करून म्हणायच्या, "बाप असावा तर असा. दुसऱ्याच्या पोरीसाठी धंदा बंद ठिवतोय." मैत्रिणीची आई मला दारात थांबवून चहा द्यायची. मी तो प्यायचो. नाही म्हणायचं धाडस नव्हतं. लेक एकदा गाडीवर मागे बसून म्हणाली, "पप्पा, तुम्ही बदललात. मला लई भारी वाटतं." मी आरशात बघितलं नाही.

रोज ठरवायचो, आज सांगायचं. मग वाटायचं, मामा आता गप्प आहे, विषय संपलाय, कशाला उकरायचं. प्लास्टर निघालं. हात सरळ झाला, पण अंगठा पूर्वीसारखा वळेना, पेन धरलं की थरथरायचा. सांगितलं तर लेक काय म्हणेल? या एका प्रश्नापाशी माझी गाडी दर वेळी बंद पडायची.

साडेचार महिन्यांनी, एका शुक्रवारी सकाळी, मामा पुन्हा दुकानात आला.

"काय मालक, बरं हाय न्हवं? ती जुनी फाईल हाय का भाचीची?"

"आहे."

"मग तारीख आन गाव तेवढं बदला. हितं न्हाय लावायचा. तिकडं दुधनीजवळ, पावण्यांच्या गावात. सोमवारी लगीन हाय. तिकडं कोन वळखतंय आपल्याला?" मग हसून पुढे वाकला. "दुसरीकडं गेलोच न्हाय बघा. म्हटलं, मालक आपलेच मानूस. मागं तुमीच सांगितलं म्हणून काम झालं की."

काम झालं की. मी मान हलवली. सवयीने हलली. उद्या संध्याकाळी न्यायला या, म्हणालो.

तो गेल्यावर फाईल उघडली. शालू, भरलेले गाल, जाड मान. एकेक करून सगळं काढत गेलो. दागिने काढले, शालू काढला, ओठांचा रंग काढला. सगळ्यात खाली मूळ फोटो होता. दोन वेण्या, शाळेचा ड्रेस, ओठावर तीळ. ही पोरगी कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. बाजूला कोणाकडे तरी बघून हसू दाबत होती, बहुतेक मैत्रिणीकडे.

दोन्ही फोटो छापले, फाईल पेन ड्राइव्हमध्ये घातली आणि दुकानाचं शटर ओढलं.

मैत्रिणीच्या घरी ती, तिची आई आणि माझी लेक, तिघी होत्या. लेक जमिनीवर बसून फॉर्म लावत होती. एकट्या मैत्रिणीला सांगायचं ठरवून गेलो होतो. लेकीला बघून पाय मागे ओढले. पण सोमवार तीन दिवसांवर होता.

"आत या अन्ना, चहा टाकते."

"नको," मी म्हणालो. पहिल्यांदा नको म्हणालो.

उंबऱ्यातच उभा राहून सांगितलं. मामा, चहा, गुरुवार, चार वाजता, पाण्याची टाकी. सलग सांगता येत नव्हतं. मागचं पुढे, पुढचं मागे होत होतं. आईची कात्री चालू होती. हळूहळू थांबली.

मैत्रिणीने विचारलं, "काका, तुम्हाला माहीत होतं ते मारतील?"

"मारतील हे माहीत नव्हतं." मग तोंडाशी आलेलं पुढचं वाक्य गिळायचं नाही असं ठरवलं. "काहीतरी करतील हे माहीत होतं. नाहीतर हिला का थांबवलं असतं?"

लेकीने मान वर केली. हातातले फॉर्म तसेच.

"त्या दिवशी अर्जंट ऑर्डर नव्हती?"

"ऑर्डर होती. अर्जंट नव्हती."

ती उठली, माझ्या बाजूने निघून बाहेर गेली. अंगाला अंग लागू न देता गेली, त्या एवढ्याशा दारातून.

आई सुपातल्या पानांकडे बघत म्हणाली, "किती गुरुवार चहा पाजला तुम्हाला." आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. "पोरीचं अक्षर गेलं माझ्या, अन्ना. शाळेत पहिला नंबर होता अक्षरात."

माफी मागायची म्हणून गेलो होतो, पण तो शब्द तिथे इतका हलका वाटला की मी तो तसाच परत आणला.

मैत्रीण उजवा अंगठा डाव्या हाताने चोळत होती. मग तिने माझ्या हातातले दोन्ही फोटो घेतले, शेजारी शेजारी धरले.

"लग्न सोमवारी?"

"हो."

"आज शुक्रवार. चला." ती चप्पल शोधायला लागली. "मामाचं नाव, गाडीवर पाठवलेली माणसं, सगळं सांगायचं. माझ्यासमोर सांगायचं. तिथे गेल्यावर मान हलवायची नाही, बोलायचं."

पोलीस चौकीत एका बाईंनी जबाब लिहून घेतला. बाहेरच्या बाकावर मैत्रीण आणि तिची आई. लेकही आली होती, पण दुसऱ्या टोकाला बसली होती. बाईंनी एकेक विचारलं. "तुमची मुलगी त्या दिवशी का गेली नाही?" या प्रश्नाला मला वाटलं होतं की माझी वाचा बसेल. बसली नाही. मी सांगितलं, आणि बाईंना नीट लिहिता यावं म्हणून पुन्हा सावकाश सांगितलं. सही करताना माझं अक्षर पाटीसारखंच आलं, मोठं आणि ठळक.

दुधनीकडचं लग्न थांबलं. मामाला धरलं, पुढे तो जामिनावर सुटला, केस चालू आहे. साक्ष द्यायला मला जायचं आहे, तारखा पडतात, मी जातो. तो सुटून आल्यामुळे बायकांनी गुरुवारच्या जागा सोडल्या नाहीत. कात्र्या अजून वाजतात. मागून माझी गाडी नसते. मैत्रिणीच्या आईनेच तसं सांगितलं, "तुम्ही नका येऊ," आणि ते बरोबर होतं.

लेक महिनाभर दुकानात आली नाही. मग एक दिवस डबा ठेवायला आली, बसली आणि रिंगा ठोकायला घेतल्या. मी तिला सांगितलं नव्हतं. आम्ही दोघांनी तासभर काम केलं. जाताना म्हणाली, "भाजी खारट झालीय, आईला सांगू नका."

यंदा फॉर्म भरायच्या दिवसांत मैत्रीण दुकानाच्या दारात आली. सोबत तीच मुलगी, शालूतून बाहेर काढलेली. आता सोळा पूर्ण. परीक्षेच्या फॉर्मला फोटो हवा होता. मैत्रीण पूर्वी यायची तशी आत आली नाही. पायरीवरच रजिस्टर उघडून बसली आणि स्वतःच्या हाताने काहीतरी लिहायला लागली. अक्षर वाकडं होतं, मला लांबूनही दिसत होतं. मला काका म्हणणं तिने सोडलं आहे. हाक न मारता बोलते.

मुलीला पांढऱ्या पडद्यासमोर बसवलं. फोटो काढला. स्क्रीनवर घेतला. उजेड थोडा कमी होता, माझा हात आपोआप माऊसकडे गेला.

मुलगी मागून म्हणाली, "मागच्या वेळी माझा तीळ गेला होता."

तो फ्लेक्स तिने कधी पाहिला असेल? बहुतेक मामाच्या मोबाइलमध्ये. मी हात माऊसवरून उचलला.

पायरीवरून मान वर न करता मैत्रीण म्हणाली, "आहे तसाच द्या. आठ कॉप्या."

मी आहे तसाच दिला.